सात आमदार, दोन राज्यमंत्री: स्कॉटिश ग्रीन पक्षाची सत्तेतली पावणेतीन वर्षे

६ मे २०२१ च्या निवडणुकीनंतर स्कॉटलंडच्या १२९ जागांच्या संसदेतले बलाबल असे होते: एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) ६४, कॉन्झर्व्हेटिव्ह ३१, लेबर २२, ग्रीन ८ आणि लिबरल डेमोक्रॅट ४. बहुमताचा आकडा ६५. सत्ताधारी एसएनपी एका जागेने अडला होता. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळे व्हावे असे मानणारा दुसरा पक्ष सभागृहात एकच होता, ग्रीन. अशा वेळी आठ आमदारांच्या पक्षाला हवी ती किंमत मागता यायला हवी होती. प्रत्यक्षात पदरात पडली दोन राज्यमंत्रिपदे. ही किंमत का उतरली, त्या दोन पदांतून काय साधले आणि २५ एप्रिल २०२४ रोजी सकाळच्या एका बैठकीत सगळे का मोडले, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

किंमत उतरण्याचे पहिले कारण अध्यक्षांच्या खुर्चीत आहे. १३ मे २०२१ रोजी ग्रीनच्या लोदियन विभागातल्या आमदार ॲलिसन जॉनस्टन संसदेच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे अध्यक्ष झालेला सदस्य पक्ष सोडतो आणि फक्त समसमान मते पडली तरच मत देतो. ग्रीनचे आठाचे सात झाले आणि मत देणारे सदस्य १२८ उरले. आता एसएनपी ६४ आणि बाकी सगळे मिळून ६४. अध्यक्ष एसएनपीचा झाला असता तर हेच गणित ६३ विरुद्ध ६५ झाले असते. म्हणजे ग्रीनचा एक सदस्य गेला आणि त्याच फटक्यात एसएनपीची अडचण निम्मी झाली. समसमान मते पडल्यास अध्यक्षांनी ‘आहे ते चालू राहील’ अशा बाजूने मत टाकायचे असा संकेत आहे. त्यामुळे बरोबरीत सरकार पडत नाही, मात्र सरकारचे विधेयकही मंजूर होत नाही. एसएनपीला जोडीदार हवा होता तो कायदे आणि अर्थसंकल्प पार करण्यापुरता, आणि तेवढ्यासाठी कुठल्याही पक्षाचा एखादा सदस्य तटस्थ राहिला तरी भागत होते.

ग्रीनला हे गणित नवे नव्हते. २००७ ते २०११ या काळात एसएनपीचे अल्पमतातले सरकार ४७ आमदारांवर चालत होते आणि ग्रीनचे दोनच आमदार होते: रॉबिन हार्पर आणि पॅट्रिक हार्वी. २८ जानेवारी २००९ रोजी अर्थसंकल्पावर मतदान झाले. घरांना उष्णतारोधक थर देण्याची सर्वांसाठीची योजना हवी, ही ग्रीनची मागणी होती. सरकारने शेवटच्या क्षणी रक्कम वाढवली, पण ती या दोघांना पुरेशी वाटली नाही. त्यांनी विरोधात मत दिले. ६४–६४ झाले, अध्यक्ष ॲलेक्स फर्ग्युसन यांनी संकेतानुसार विरोधात मत टाकले आणि अर्थसंकल्प पडला. पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा मांडला गेला. मधल्या दिवसांत मोठ्या विरोधी पक्षांनी आपापले सौदे करून घेतले होते. ४ फेब्रुवारीला अर्थसंकल्प १२३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. ते दोन विरोधक म्हणजे हेच ग्रीन आमदार.

छोट्या पक्षाच्या निर्णायक मताचे वजन मत पडेपर्यंतच असते. एकदा ते वापरले की समोरचा दुसरीकडे वळतो. २०२१ च्या करारात जे लिहिले गेले आणि जे लिहायचे राहिले, त्यामागे ही आठवण असावी असे मानायला जागा आहे.

जागा कुठून येतात

२०२१ मध्ये ग्रीनचे सगळे आमदार प्रादेशिक याद्यांतून आले होते. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका असतात. एकीवर मतदारसंघातला उमेदवार (एकूण ७३ जागा), दुसरीवर प्रादेशिक यादीतला पक्ष (८ विभाग, प्रत्येकी ७, एकूण ५६ जागा). यादीतल्या जागा वाटताना प्रत्येक पक्षाची यादीमते त्या विभागात त्याने आधीच जिंकलेल्या जागा अधिक एक, या संख्येने भागतात. भागाकार सर्वांत मोठा त्याला जागा. मग त्याचा भाजक एकाने वाढवून पुन्हा तेच, सात वेळा.

ग्लासगोचे उदाहरण घेऊ. २०२१ मध्ये तिथल्या नऊच्या नऊ मतदारसंघांच्या जागा एसएनपीने जिंकल्या. त्यामुळे यादीत एसएनपीची मते पहिल्याच फेरीत १० ने भागली गेली, तर ग्रीनची १ ने. शेवटी तिथल्या सात यादी-जागा लेबर ४, कॉन्झर्व्हेटिव्ह २, ग्रीन १ अशा गेल्या आणि एसएनपीला एकही नाही. म्हणून ‘पहिले मत एसएनपीला, दुसरे ग्रीनला’ हा स्वातंत्र्यवादी मतदाराचा हिशेब पक्का व्यवहारी आहे आणि ग्रीनचा प्रचारही त्यावरच उभा असतो. बहुतेक मतदारसंघांत ते उमेदवारच देत नाहीत.

या पद्धतीत शेवटची जागा फार थोड्या मतांवर फिरते. २०२१ मध्ये ‘इंडिपेंडंट ग्रीन व्हॉइस’ नावाच्या वेगळ्याच गटाने यादीत नाव दिले होते. मतपत्रिकेवर नाव आणि चिन्हात ‘ग्रीन’ शब्द ठळक. या सारखेपणामुळे ग्लासगो आणि दक्षिण स्कॉटलंड या दोन विभागांत एकेक जागा गेली, असे पक्षाचे म्हणणे आहे. दहा आमदार निवडून आले असते तर करार कसा झाला असता हा अंदाजाचा विषय. वजन मात्र वेगळे पडले असते, यात शंका नाही.

उरलेले सात असे: पॅट्रिक हार्वी (ग्लासगो), लोर्ना स्लेटर (लोदियन), रॉस ग्रीर (पश्चिम स्कॉटलंड), मार्क रस्केल (मध्य स्कॉटलंड आणि फाइफ), गिलियन मॅके (मध्य विभाग), मॅगी चॅपमन (ईशान्य) आणि एरियान बर्जेस (हायलँड आणि बेटे). दोघे मंत्री झाल्यावर संसदेच्या समित्या, प्रश्नोत्तरे आणि विधेयकांची छाननी हे सगळे पाच जणांवर आले. शिवाय पक्ष सरकारात आल्यामुळे फर्स्ट मिनिस्टर म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांच्या साप्ताहिक प्रश्नोत्तरात पक्षनेत्याचा जो राखीव प्रश्न असतो, तो गेला. दूरदर्शनवर दिसणारी जागा ग्रीनने सोडली, हा तोटा करारावरच्या चर्चेत फारसा मोजला गेला नाही.

करारात काय होते

वाटाघाटी उन्हाळाभर चालल्या. २० ऑगस्ट २०२१ रोजी मसुदा जाहीर झाला. फर्स्ट मिनिस्टरांच्या एडिनबरातल्या सरकारी निवासावरून त्याला ब्यूट हाउस करार म्हणतात. २८ ऑगस्टला ग्रीनच्या मतदानात ८३ टक्क्यांनी तो मंजूर झाला, एसएनपीत ९५ टक्क्यांनी. मग हार्वी यांच्याकडे शून्य-कार्बन इमारती, पायी व सायकलने प्रवास आणि भाडेकरूंचे हक्क, तर स्लेटर यांच्याकडे हरित कौशल्ये, चक्रीय अर्थव्यवस्था आणि जैवविविधता ही खाती आली. ब्रिटनमध्ये कुठेही मंत्री झालेले हे पहिले ग्रीन.

नमुना न्यूझीलंडचा होता. तिथे २०२० मध्ये जेसिंडा आर्डर्न यांच्या लेबरने ग्रीनशी असाच सहकार्याचा करार केला होता. हा प्रकार आपल्याकडच्या ‘बाहेरून पाठिंबा’ आणि पूर्ण युती यांच्या मधला. किमान समान कार्यक्रम असतो, राज्यमंत्रिपदे असतात, विश्वासमत आणि अर्थसंकल्पावर पाठिंब्याची हमी असते. काही विषय मात्र दोघांनी उघडपणे वेगळे ठेवलेले असतात. ब्यूट हाउस करारात वगळलेल्या विषयांत विमान वाहतूक, ग्रीन पोर्ट नावाची करसवलतीची बंदरे, खासगी शाळा, शिकारीसारखे मैदानी छंद, नाटोचे सदस्यत्व आणि आर्थिक वाढीबाबतची तत्त्वे होती. ही यादी हा या कराराचा सर्वांत चांगला भाग म्हणावा लागेल. मतभेद कुठे आहेत हे सहीच्या दिवशीच कागदावर आले, त्यामुळे त्या विषयांवर ग्रीन आमदार सरकारवर टीका करू शकले आणि पावणेतीन वर्षांत त्यावरून करार कधीच अडचणीत आला नाही. तडे गेले ते वगळलेल्या विषयांत नाही, मान्य केलेल्या विषयांत.

समान कार्यक्रमातली मोठी आश्वासने: स्कॉटलंडच्या किमान १० टक्के समुद्रात कडक संरक्षण, २०२६ पर्यंत किमान एक नवे राष्ट्रीय उद्यान, पायी व सायकल प्रवासासाठी २०२४-२५ पर्यंत वाहतुकीच्या अर्थसंकल्पाचा १० टक्के किंवा ३२ कोटी पौंड, जमिनीवरच्या पवनऊर्जेत २०३० पर्यंत ८ ते १२ गिगावॅटची भर, भाडेनियंत्रणाचा कायदा आणि स्वातंत्र्याचे सार्वमत.

बाटलीवरचे वीस पेन्स

स्लेटर यांच्या खात्यात आलेली अनामत योजना या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. कल्पना साधी. पेयाची बाटली किंवा डबा घेताना ग्राहकाने २० पेन्स जास्त द्यायचे आणि रिकामा परत केला की ते परत मिळायचे. पीईटी प्लास्टिक, पोलाद, ॲल्युमिनियम आणि काच, ५० मिलिलिटर ते ३ लिटरपर्यंतचे सगळे. उद्दिष्ट ९० टक्के परतीचे. जर्मनीत आणि उत्तर युरोपातल्या देशांत हे वर्षानुवर्षे चालते.

योजनेचे नियम मे २०२० मध्ये मंजूर झाले, म्हणजे ग्रीन सरकारात येण्याच्या सव्वा वर्ष आधी, एसएनपीच्या काळात. सुरुवात जुलै २०२२ ला व्हायची होती. स्लेटर यांनी डिसेंबर २०२१ मध्ये ती १६ ऑगस्ट २०२३ वर नेली. अनामतीवर व्हॅट कसा लागणार हा एक प्रश्न तेव्हा लोंबकळत होता आणि व्हॅट लंडनच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या अखत्यारीत येतो. पुढे जे झाले त्याची चुणूक इथेच दिसायला हवी होती.

योजना चालवण्यासाठी उद्योगांनीच ‘सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड’ ही ना-नफा कंपनी काढली होती. गोळा करण्याचे कंत्राट बिफा कंपनीला गेले. नोंदणीची मुदत २८ फेब्रुवारी २०२३. बाजारातल्या बहुतेक डब्या-बाटल्या ज्यांच्या, त्या मोठ्या उत्पादकांनी नोंदणी केली. अडले ते छोटे. लहान ब्रुअरी एकाच बाटलीचा माल एडिनबरालाही पाठवते आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसललाही. स्कॉटलंडसाठी वेगळा बारकोड छापायचा तर वेगळे लेबल, वेगळा साठा आणि गोदामात वेगळी रांग लागते. छपाईच्या किमान ऑर्डरचा खर्चही अंगावर येतो. न छापावा तर इंग्लंडातून विकत आणलेली बाटली स्कॉटलंडमध्ये परत करून न भरलेली अनामत उचलली जाण्याचा धोका. वर उत्पादकाने अनामत आधी भरायची आणि शुल्क वेगळे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा प्रश्न याहून सरळ होता: परत आलेल्या काचेच्या बाटल्या ठेवू कुठे? जागेच्या कारणाने सूट मिळण्याची सोय होती, पण ती मिळवण्याचे नियम शेवटपर्यंत बदलत राहिले.

तरीही योजना बुडाली ती या तक्रारींमुळे नाही. ब्रेक्झिटनंतर वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेने २०२० मध्ये अंतर्गत बाजारपेठ कायदा केला. त्याचे मुख्य तत्त्व असे की ब्रिटनच्या एका भागात कायदेशीरपणे विकता येणारी वस्तू दुसऱ्या भागात तिथला स्थानिक नियम न पाळताही विकता येते. म्हणजे अनामतीचे चिन्ह नसलेली इंग्लंडातली बाटली स्कॉटलंडच्या दुकानात ठेवायला कोणी रोखू शकत नाही आणि योजना आतून पोकळ होते. यातून सूट हवी तर ती लंडनच्या मंत्र्यांनी द्यायची. ती सूट योजना सुरू होण्याच्या कितीतरी आधी, लेखी आणि निर्विवाद हातात हवी होती. औपचारिक विनंती नेमकी कधी झाली यावरूनच दोन सरकारांचा वाद रंगला.

मार्च २०२३ अखेर एसएनपीचे हमजा युसुफ फर्स्ट मिनिस्टर झाले आणि एप्रिलमध्ये त्यांनी योजना १ मार्च २०२४ वर ढकलली. मे महिन्याच्या शेवटी लंडनचे उत्तर आले: सूट देऊ, पण काच वगळून, आणि अनामतीची रक्कम व इतर बाबी इंग्लंडच्या भावी योजनेशी जुळत्या ठेवण्याच्या अटीवर. इंग्लंडच्या योजनेचे नियम तेव्हा लिहूनच झाले नव्हते. ज्यांच्याशी जुळवून घ्यायचे ते नियमच अस्तित्वात नसताना कुठल्या उत्पादकाने यंत्रे मागवायची? ७ जून २०२३ रोजी स्लेटर यांनी योजना किमान ऑक्टोबर २०२५ पर्यंत लांबणीवर टाकली. त्याच महिन्यात सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सरकारी गुंतवणूक बँकेने तिला ९० लाख पौंडांचे कर्ज दिले होते. बिफाने नंतर सरकारवर कोट्यवधी पौंडांचा दावा लावला. आज ही योजना इंग्लंड, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये एकत्र ऑक्टोबर २०२७ ला ठरली आहे, काचेशिवाय.

२० जून २०२३ रोजी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने स्लेटर यांच्यावर अविश्वास ठराव आणला. तो ६८ विरुद्ध ५५ मतांनी फेटाळला गेला, पण एसएनपीचे ज्येष्ठ आमदार फर्गस युइंग यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. एका राज्यमंत्र्याविरुद्धचा असा ठराव मंजूर झाला असता तरी राजीनामा कायद्याने बंधनकारक नव्हता. राजकारणात मात्र चित्र ठरून गेले: एसएनपीने लिहिलेली, लंडनने अडवलेली योजना ‘ग्रीनची चूक’ म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. राज्यमंत्र्याच्या नावावर खाते होते, निर्णायक अधिकार नव्हता. समुद्र संरक्षणाचेही तेच. ते खाते ग्रीनकडे नव्हतेच, एसएनपीच्या मॅरी मॅकॲलन यांच्याकडे होते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांनी विरोध केला आणि २९ जून २०२३ रोजी सरकारने प्रस्ताव मागे घेतला, तेव्हा रोष ग्रीनवरच निघाला.

भाड्याची मर्यादा

हार्वी यांच्या खात्याचे काम वेगळ्या वळणाने गेले. महागाईच्या लाटेत ६ सप्टेंबर २०२२ पासून घरभाडे गोठवले गेले. विधेयक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवसांत पार झाले. १ एप्रिल २०२३ पासून खासगी भाड्याला ३ टक्के वाढीची मर्यादा आली आणि ३१ मार्च २०२४ ला तरतूद संपली. राहत्या भाडेकरूला याचा थेट फायदा झाला. फट अशी की मर्यादा चालू करारालाच होती. भाडेकरू बदलला की घरमालक नवे भाडे हवे तेवढे लावू शकत होता. साहजिकच घरमालकांनी दोन करारांमधल्या वेळेत पुढच्या काही वर्षांची वाढ उरकून घेतली आणि नव्याने घर शोधणाऱ्याला ते महागात पडले. म्हणून कायमच्या कायद्यात मर्यादा घराला चिकटलेली हवी, माणसाला नाही, असा हार्वी यांचा आग्रह होता. २६ मार्च २०२४ रोजी तसे गृहनिर्माण विधेयक संसदेत दाखल झाले. त्यानंतर ते मंत्रिपदावर महिनाभरच राहिले.

याच काळात ग्रीनच्या नावावर जमा असलेली जी दोन कामे सर्वांत कमी वादाची ठरली, त्यांतले एकही मंत्रिपदातून आले नाही. २२ वर्षांखालील सर्वांना मोफत बस ३१ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली. ती आधीच्या अर्थसंकल्पांवर, बाहेरून पाठिंबा देताना केलेल्या घासाघिशीचे फळ होते. आणि गर्भपात केंद्रांभोवती निदर्शनांना मनाई करणारा कायदा गिलियन मॅके यांच्या खासगी विधेयकातून आला. तो १२ जून २०२४ रोजी ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला.

एप्रिल २०२४

२०१९ च्या हवामान कायद्याने २०३० पर्यंत उत्सर्जन ७५ टक्के घटवण्याचे बंधन घातले होते. तेव्हा ग्रीन ८० टक्के मागत होते आणि अंतिम मतदानात तटस्थ राहिले होते. मार्च २०२४ मध्ये सरकारला सल्ला देणाऱ्या हवामान बदल समितीने ७५ टक्क्यांचे उद्दिष्ट आता विश्वासार्ह राहिले नसल्याचे सांगितले. १८ एप्रिलला मॅकॲलन यांनी ते सोडून देत असल्याचे संसदेत जाहीर केले. सरकारात असलेल्या दोन्ही ग्रीन मंत्र्यांनी आधी त्याचे समर्थन केले, सोबत नवे उपायही जाहीर झाले आहेत म्हणून. त्याच दिवशी ग्लासगोच्या आरोग्य मंडळाने अल्पवयीनांना पौगंडावस्था रोखणारी औषधे नव्याने देणे थांबवल्याचे कळवले. ट्रान्सजेंडर हक्कांचा आग्रह धरणाऱ्या ग्रीनच्या कार्यकर्त्यांसाठी हे दोन घाव एकाच दिवशी बसले. पक्षाच्या घटनेत सदस्यांना विशेष सभा बोलावता येते. करारात राहायचे की नाही यावर सदस्यांचे मतदान घेण्याचे ठरले.

युसुफ यांच्यापुढे प्रश्न होता: महिनाभर वाट पाहून ग्रीनच्या हातून करार मोडला जाऊ द्यायचा, की आपणच आधी मोडायचा? दुसरा पर्याय घेऊन त्यांनी २५ एप्रिलला सकाळी हार्वी आणि स्लेटर यांना ब्यूट हाउसला बोलावले आणि करार संपवला. यात एक बेरीज चुकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲश रीगन एसएनपी सोडून आल्बा पक्षात गेल्या होत्या, त्यामुळे एसएनपी आता ६३ वर होती. कॉन्झर्व्हेटिव्ह ३१, लेबर २२, लिबरल डेमोक्रॅट ४ आणि ग्रीन ७ मिळून ६४. त्याच दिवशी कॉन्झर्व्हेटिव्ह नेते डग्लस रॉस यांनी युसुफ यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव जाहीर केला आणि ग्रीनने त्याला पाठिंबा देऊ असे सांगितले. आता सगळे रीगन यांच्या एका मतावर. त्या युसुफ यांच्या बाजूने आल्या तर ६४–६४ आणि अध्यक्षांच्या मताने बचाव. नाही आल्या तर ६३ विरुद्ध ६५. आदल्या दिवसापर्यंत ७० मतांचा मालक असलेला नेता आपल्याला सोडून गेलेल्या एका सदस्याच्या अटी ऐकण्याच्या स्थितीत आला. २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा जाहीर केला.

इथे ग्रीनने जे केले ते संसदीय कौशल्याच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ठराव दोन होते. रॉस यांचा व्यक्तीविरुद्ध होता, तो मंजूर झाला तरी कायद्याने बंधनकारक नाही. लेबरचा संपूर्ण सरकारविरुद्ध होता. स्कॉटलंड कायदा १९९८ नुसार सरकारवरचा विश्वास उडाल्याचा ठराव झाला की सर्व मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागतो आणि २८ दिवसांत नवा फर्स्ट मिनिस्टर निवडता आला नाही तर निवडणूक. ग्रीनने पहिल्याला हो म्हटले, दुसऱ्याला नाही. १ मे रोजी लेबरचा ठराव ५८ विरुद्ध ७० मतांनी पडला: एसएनपीचे ६३ आणि ग्रीनचे ७. माणूस गेला, सरकार राहिले. ७ मे रोजी एसएनपीचे नवे नेते जॉन स्विनी यांच्या निवडीवेळी सातही जण तटस्थ राहिले आणि स्विनी ६४ मतांनी निवडून आले.

कराराच्या कागदात दोन गोष्टी नव्हत्या आणि त्यांची किंमत दोन्ही पक्षांनी मोजली. मोडण्यापूर्वी ठरावीक दिवसांची पूर्वसूचना आणि त्या काळात काळजीवाहू व्यवस्था असती, तर २५ तारखेची सकाळ तशी उजाडली नसती. आणि प्रत्येक आश्वासनासमोर ‘हे पूर्ण करायला लंडनची परवानगी लागते का’ असा एक रकाना असता, तर अनामत योजना स्वीकारताना स्लेटर यांनी बारकोडच्या आधी सूटपत्र मागितले असते. कायदेशीर लिंगओळख बदलणे सोपे करणारे लिंगओळख सुधारणा विधेयकही २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले आणि जानेवारीत लंडनने स्कॉटलंड कायद्याचे कलम ३५ पहिल्यांदाच वापरून ते रोखले. एकाच वर्षात तीच भिंत दोनदा लागली.

नंतरच्या काळात ग्रीन पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाला त्यांनी बाहेरून पाठिंबा दिला आणि बदल्यात एका विभागात बसभाड्यावर २ पौंडांच्या मर्यादेचा प्रयोग, तसेच शालेय जेवणाचा विस्तार पदरात पाडून घेतला. नव्या राष्ट्रीय उद्यानासाठी निवडलेल्या गॅलोवेचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये सोडून दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये रॉस ग्रीर आणि गिलियन मॅके सहनेते झाले. हार्वी यांचे गृहनिर्माण विधेयक ३० सप्टेंबर २०२५ रोजी मंजूर झाले. भाडेनियंत्रण लागू केलेल्या क्षेत्रात भाडेवाढ महागाई दर अधिक १ टक्का आणि जास्तीत जास्त ६ टक्के, आणि या वेळी मर्यादा भाडेकरू बदलला तरी लागू. भाड्याने देण्यासाठीच बांधलेल्या नव्या इमारतींना सरकारने सूट देऊ केली. तिला विरोध करणाऱ्यांत विधेयकाचे मूळ प्रवर्तक होते, आता मंत्र्यांच्या बाकावरून नाही, समोरच्या बाकावरून.